किती वेळा सांगू

हेडक्लार्कला नाचता येत नव्हतं, गाता येत नव्हतं आणि त्यातल्या कशाची हौसही नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण हल्ली लोक म्हणतात, "त्या माणसाच्या अंगातच होतं ते." त्याच्या अंगात पित्त होतं, बाकी काही नव्हतं. तो पाणीपुरवठा कार्यालयात बसून बिलांवर शिक्के मारायचा आणि घरी आला की कपाटातल्या जुन्या डिस्को गाण्यांच्या तबकड्या मऊ फडक्यानं पुसायचा. लावायचा क्वचितच. लावल्या की झिजतात, असं त्याचं मत होतं. बायको त्यांना 'काळ्या ताटल्या' म्हणायची आणि एक दिवस सगळ्या कुंड्यांखाली ठेवीन अशी धमकी द्यायची. तो "हं" म्हणायचा. घरात दोघंच. ती बोलायची, तो "हं" म्हणायचा, आणि यालाच सुखाचा संसार म्हणतात हे दोघांच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

या चालत्या गाड्याला खीळ घातली ती मेव्हण्यानं. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एअरकंडिशनर दुरुस्त करायचा. उन्हाळाभर त्याला जेवायला फुरसत नसे आणि उन्हाळा संपला की कुणाला त्याची आठवण नसे. या रिकाम्या काळात त्यानं एक कीबोर्ड घेतला होता, एक कॉम्प्युटर घेतला होता आणि आपण जगाला हलवून सोडणार असा समज करून घेतला होता. एकदा दुकानाच्या नळजोडणीसाठी तो भाऊजींच्या कार्यालयात गेला. आत हेडक्लार्क बिलांचा गठ्ठा उरकत होता. शिक्का शाईच्या गादीवर, शिक्का कागदावर, गादीवर, कागदावर. वर्षानुवर्षांच्या नोकरीनं हात असा बसला होता की बाजूच्या टेबलावर कुणी कोसळलं असतं तरी ठोका चुकला नसता.

"भाऊजी, थांबू नका!" मेव्हणा खिडकीच्या जाळीला नाक लावून ओरडला.

"न थांबून कसं चालेल? गठ्ठा संपला."

"दुसरा घ्या! अहो, हा हाऊसचा ठोका आहे. माझं मशीन असा ठोका देतच नाही. मशीनला कंटाळा येत नाही ना! तुमच्या ठोक्यात कंटाळा आहे, भाऊजी. अस्सल कंटाळा!"

हेडक्लार्कच्या अंगी काही अस्सल आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. वरिष्ठांनी नाही, सासऱ्यांनी तर नाहीच. त्यानं दुसरा गठ्ठा घेतला. इथेच त्याचं नशीब फिरलं, आणि फिरलं ते वाईटाकडेच फिरलं.

हाऊस म्हणजे काय, हे मेव्हण्यानं संध्याकाळी घरी येऊन समजावून सांगितलं. जुन्या डिस्को गाण्यातला लहानसा तुकडा तोडायचा, व्हायोलिनची एखादी लहर नाहीतर बाईचा एखादा हुंकार, आणि तोच पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा. खाली एकसारखा ठोका. गाणं पुढे सरकत नाही, लोक जागच्या जागी नाचत राहतात.

"म्हणजे आमच्या ऑफिससारखंच," हेडक्लार्क म्हणाला.

"तेच तर!" मेव्हणा म्हणाला. "आणि ताटल्या तुमच्याकडे आहेतच."

तिसरा भिडू इमारतीच्या तळमजल्यावर मिळाला. तिथे दातांचा डॉक्टर होता आणि दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तो बेस गिटार वाजवायचा. त्याला माणसं भेटत ती तोंड उघडं आणि बोलती बंद अशा अवस्थेतच, त्यामुळे आपल्याला कुणी उलट उत्तर देऊ शकतं ही कल्पनाच त्याला नव्हती. "मी वाजवतो," तो म्हणाला, "आवडलं नाही तर हात वर करा." कुणीही हात वर केला तरी तो थांबत नसे. ग्रुपचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा हेडक्लार्कच्या डोळ्यांसमोर कार्यालयाच्या फळ्यावर कायम लिहिलेला शब्द आला आणि ग्रुपचं नाव 'पाणीकपात' पडलं.

ध्वनिमुद्रणासाठी जागा हवी होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा. समोरच्या काकू म्हणाल्या, बाथरूममध्ये करा, आमचे हे तिथेच गातात आणि खाली रस्त्यापर्यंत ऐकू जातं. डॉक्टर म्हणाला दवाखान्यात करू, पण तिथे पहिल्याच ठोक्याला बाहेर बसलेले दोन रुग्ण पळून गेले. शेवटी हेडक्लार्कच्या झोपायच्या खोलीत घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्या, पंखा बंद केला, खिडकी बंद केली, आणि तीन प्रौढ माणसं घामानं निथळत शिक्का, कीबोर्ड आणि गिटार घेऊन बसली. शिक्का कार्यालयातलाच होता. 'रक्कम मिळाली' असा. बाजारातून नवा शिक्का आणून पाहिला होता, पण त्याला तो कंटाळा येईना. उकाड्यापायी हेडक्लार्क अंगावर पाणी घेऊन आला, टॉवेलनं डोकं पुसलं आणि सवयीनं टॉवेल भिंतीला टेकवलेल्या गादीवर टाकला.

ठोका चांगला लागला होता. डॉक्टर डोळे मिटून वाजवत होता. आणि दार उघडलं.

"किती वेळा सांगू!" बायको म्हणाली. "किती वेळा सांगू, ओला टॉवेल गादीवर टाकू नका!"

बायकोच्या आवाजाबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये समोरच्या टेबलावर असायची. "उपाशीपोटीवाले पुढे या", "नमुना तिकडे ठेवा, इथे नाही", "रिपोर्ट संध्याकाळी मिळतील, डॉक्टरांना विचारू नका" अशी वाक्यं ती दिवसभर भरल्या खोलीत सर्वांना ऐकू जातील अशी बोलत असे. तो आवाज मोठा नव्हता, पण त्याला धार होती, आणि त्या धारेमागे एक थकवा होता. जगाला सुधारायचा प्रयत्न करून दमलेल्या माणसाचा थकवा. मेव्हण्यानं कॉम्प्युटरवर तो तुकडा कापला, शिक्क्याच्या ठोक्यावर बसवला, मागे एका काळ्या ताटलीतली व्हायोलिनं सोडली, आणि खोलीत 'किती वेळा सांगू, किती वेळा सांगू, ओला टॉवेल गादीवर' असं सुरू झालं ते थांबेचना. तिघांचेही हात थांबले. डॉक्टरचेसुद्धा.

"हेच!" मेव्हणा म्हणाला.

"तिला विचारायला हवं," हेडक्लार्क म्हणाला. हे तो खरोखर म्हणाला होता.

"ताईला? ती कुठे ऐकतेय असलं! उगाच नाही म्हणेल."

"मग सांगू सावकाश."

या 'सावकाश'मध्ये त्याची पुढची सगळी फजिती होती. पण त्या क्षणी तिघांनाही वाटलं, बाईमाणसाला कशाला त्रास द्या.

पहिला कार्यक्रम दंतवैद्यांच्या वार्षिक संमेलनात झाला. दिवसभर हिरड्यांवर व्याख्यानं ऐकून आंबलेली ती मंडळी आधी नुसती बघत राहिली. मग तो आवाज आला. एका जाड्या दंतवैद्यानं जेवणाच्या टेबलावरचा नॅपकिन उचलून डोक्यावर गरगर फिरवला, आणि पाहता पाहता आयुष्यात ज्यांनी दुसऱ्याच्या तोंडाबाहेर कधी नजर टाकली नव्हती असे लोक नॅपकिन फिरवत नाचू लागले. प्रत्येकाला त्यात आपापलं माणूस ऐकू येत होतं. कुणाला आई, कुणाला शाळेतली बाई, बहुतेकांना बायको. कार्यक्रमानंतर एक वयस्कर दंतवैद्य डोळे पुसत हेडक्लार्कजवळ आले. "आमची अशीच बोलायची हो," एवढंच म्हणाले. हेडक्लार्कला त्यांची कीव आली. स्वतःची यायला अजून अवकाश होता.

मग बोलावणी येऊ लागली. व्यायामशाळेचं उद्घाटन झालं, औषध कंपनीचा वार्षिक दिन झाला, एका कॉलेजात तर मुलांनी खरोखरचे ओले टॉवेल आणले आणि पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांना कपडे बदलायला घरी जावं लागलं. रेडिओवर गाणं लागलं. लोकांनी ते फोनच्या घंटीला लावलं. प्रत्येक वेळी हेडक्लार्क घरी येताना ठरवायचा, आज सांगायचंच. घरी आलं की बायको काहीतरी बोलत असायची, नळाचं, दुधाचं, वरच्या हेडमास्तरांच्या गळक्या कुंडीचं, आणि तो "हं" म्हणून हात धुवायला जायचा. "कुठे असता हो हल्ली संध्याकाळी?" तिनं एकदा विचारलं होतं; गाद्यांचं ते खूळ त्या दिवशीच संपलं, असं ती धरून चालली होती. "डॉक्टरकडे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून त्याला बरं वाटलं. बिचारी कितीतरी दिवस त्याच्या दातांची काळजी करत होती.

तिला कळलं ते लॅबमध्ये. रक्त द्यायला आलेल्या एका गृहस्थाचा फोन भरल्या खोलीत वाजला आणि तिचाच आवाज तिच्यावर ओरडला. किती वेळा सांगू, किती वेळा सांगू. बाकावरची माणसं खांदे उडवायला लागली. एक बाई सुई टोचलेला हात तसाच धरून ठेक्यावर मान हलवू लागली. तिनं त्या गृहस्थाला विचारलं, "हे काय आहे?"

"बाई, हे माहीत नाही तुम्हाला? पाणीकपात! काय आवाज आहे ना त्या बाईचा? माझी मुलं म्हणतात कुणी तरी नटी असणार. खरी बायको कशाला एवढं छान ओरडेल?"

त्या संध्याकाळी ती घरी आली. चपला जागेवर ठेवल्या, चहा केला, एक कप नवऱ्यापुढे ठेवला, आणि काही बोलली नाही. हेडक्लार्कला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही ती दमलेली होती. आठवडा गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही दमलेली नाही. ही बोलत नाही.

ती रागावलेली असती तर सोपं होतं. भांडी आपटली असती, माहेरी गेली असती, तर त्याला काहीतरी करता आलं असतं. ती तसं काहीच करत नव्हती. जेवण वेळेवर, कपडे घडी केलेले, औषधं डबीत. फक्त शब्द नव्हते. काकूंशी गॅलरीतून ती छान बोलायची, आणि नवऱ्याची किल्ली कुलपात फिरली की वाक्य जिथल्या तिथे तोडून आत यायची. भाजीवाल्याशी बोलायची, मांजराशी बोलायची. हेडक्लार्क खोलीत नसताना ती गुणगुणतेसुद्धा, असं त्याला दाराबाहेर उभं राहून कळलं. घरातली भिंतीवरची घड्याळं किती मोठ्यानं चालतात, हे त्याला या वयात प्रथमच समजलं.

"मी सांगणारच होतो," तो एकदा म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांकडे बघितलं. कुठे माईक लपवला आहे का, ते ती बघत होती. हेडक्लार्कला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजाऱ्यांकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. हेडमास्तर म्हणाले, "दुर्लक्ष करा. वर्गात मी असंच करत असे." मात्र त्यांची बायको सध्या मुलीकडे राहते आणि परत यायचं नाव घेत नाही, हे ते म्हणाले नाहीत. डॉक्टर म्हणाला, "वाट बघा, भूल उतरते आपोआप." काकू म्हणाल्या, "आजारी पडा." त्यानं तोही प्रयत्न केला. तिनं थर्मामीटर लावला, वाचला, झटकला आणि ऑफिसचा डबा त्याच्या हातात दिला.

शेवटी त्याला स्वतःलाच एक युक्ती सुचली. रविवारी सकाळी त्यानं अंघोळ केली, टॉवेल चांगला पिळायचा सोडून तसाच आणला, आणि गादीच्या बरोबर मध्यावर, तिच्या बाजूला, पसरून ठेवला. मग वर्तमानपत्र तोंडापुढे धरून खुर्चीत बसला. छाती धडधडत होती. लग्न ठरवायला गेला होता तेव्हासुद्धा इतकी धडधडली नव्हती. ती आत आली. टॉवेल दिसला. ती थोडा वेळ उभी राहिली.  तिनं टॉवेल उचलला, झटकला आणि गॅलरीत दोरीवर नीट टोकं जुळवून वाळत घातला. मग परत आली, गादीवरच्या ओल्या जागेवर कोरडी चादर टाकली आणि निघून गेली. हेडक्लार्क वर्तमानपत्राआड रडला. सांगायला लाज वाटते, पण रडला.

दुःख एकटं आलं तर ते दुःख कसलं? त्याच सुमारास ग्रुपचा मोठा कार्यक्रम ठरला आणि मेव्हण्यानं गावभर कागद चिकटवले. 'शनिवारी संध्याकाळी पाणीकपात!' खाली मैदानाचं नाव बारीक अक्षरात होतं. मोठी अक्षरं सगळ्यांनी वाचली, बारीक कुणी वाचली नाहीत. शनिवारी सकाळपासून झाडून साऱ्या घरांनी बादल्या, पिंप, बाटल्या, एकानं तर मुलाची पोहण्याची फुगवायची टाकी भरून घेतली, आणि दुपारपर्यंत मोठ्या टाकीचा तळ दिसला. संध्याकाळी खरोखरच पाणी गेलं. इतक्या वर्षांत खात्यानं जाहीर केलेली कपात कधी वेळेवर झाली नव्हती. ही झाली.

सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"हे तुमचं का?" साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"हो साहेब. म्हणजे, संगीत आहे ते."

"त्यात तुम्ही काय वाजवता?"

हेडक्लार्कला खोटं सुचत नसे. "शिक्का," तो म्हणाला.

"कुठला?"

"'रक्कम मिळाली'चा."

साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला कोरी फाईल आणायला सांगितली. मग फाईल उघडली गेली. पूर्वपरवानगी न घेता कलाप्रकारात भाग घेणे, हा एक मुद्दा. खात्याच्या मालमत्तेचा करमणुकीसाठी वापर, हा दुसरा. लेखाविभागानं तिसरा काढला: शिक्का जितक्या वेळा गाण्यात वाजतो तितक्या रकमा मिळाल्याची नोंद कुठे आहे? फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, तिच्यावर हेडक्लार्कच्याच हाताखालच्या माणसांनी शेरे मारले, आणि ती परत आली तेव्हा निकाल असा होता की नोकरी राहील, शिक्का जमा करावा आणि संबंधितानं यापुढे कोणत्याही व्यासपीठावर चढू नये. निकालावर मोहोर लावायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून ती त्यालाच लावायला सांगितली.

अशा रीतीनं ज्याच्या ठोक्यावर ग्रुप उभा राहिला तो माणूस ग्रुपमधून गेला. मेव्हण्यानं मिठी मारली, डॉक्टरनं दात फुकट साफ करून द्यायचं वचन दिलं, आणि ठोका तर काय, मुद्रित होताच. अडचण आवाजाची होती. लोकांना नवीन गाणं हवं होतं. त्यांनी एक गाणारी मुलगी आणली. ती "किती वेळा सांगू" असं इतक्या गोड गळ्यानं म्हणाली की अजून चार वेळा सांगावं असं वाटे. डॉक्टरच्या बायकोनं प्रयत्न केला. तिला हसूच आवरेना. शेवटी मेव्हणा बहिणीकडे आला. हेडक्लार्क स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून ऐकत उभा राहिला. त्याच्या घरात त्याला आता असंच ऐकावं लागत असे.

"ताई, चूक झाली. पाया पडतो."

"तुझं सोड," ती म्हणाली. "तू लहानपणापासून मूर्ख आहेस. त्यांनी विचारायला हवं होतं. इतकी वर्षं एका घरात बोलतेय मी. हं, हं करतात. मला वाटायचं ऐकत नाहीत. ऐकत होते की! पण माझ्यासाठी नाही, तुमच्या मशीनसाठी. मी घरातल्या माणसाशी बोलत होते रे. त्यावर परके लोक नाचले."

 

"मी येते," ती थोड्या वेळानं म्हणाली. "माझा आवाज कुणी चोरण्यापेक्षा मीच देईन. समोर उभी राहून, माझ्या मनात येईल ते बोलेन. पण या घरात माईक आणायचा नाही."

आणि ती गेली. पहिल्या कार्यक्रमाला साधे घरचे कपडे, खांद्याला लॅबची पिशवी अशी ती स्टेजवर उभी राहिली, समोरच्या गर्दीकडे एकदा उपाशीपोटीवाल्यांकडे बघावं तशी बघितली आणि म्हणाली, "ढकलू नका. सगळ्यांना मिळणार आहे." मैदान वेडं झालं. पुढे तर काय! "फ्रिजचं दार किती वेळ उघडं ठेवणार?" म्हटलं की हजार माणसं एकदम उड्या मारत. "फोन ठेव आणि जेव" या गाण्याला तरुण पोरं फोन वर करून नाचत. पेपरात फोटो आला. त्यात मेव्हणा अर्धा कापला गेला होता. लॅबमध्ये लोक मुद्दाम दोनदा रक्त तपासायला येऊ लागले.

हेडक्लार्क प्रत्येक कार्यक्रमाला जायचा. तिकीट काढून, मागे उभा राहायचा. घरात ज्याच्या वाट्याला एक शब्द नाही, त्याला आपल्या बायकोचं बोलणं ऐकायला परक्यांबरोबर रांग लावावी लागत होती. दिव्यांच्या झगमगाटात ती म्हणायची, "चष्मा डोक्यावर आहे, शोधताय काय?" लोक ओरडायचे. तो मात्र हळूच "हं" म्हणायचा. त्याचा चष्मा खरोखरच डोक्यावर असायचा. कार्यक्रम संपला की मेव्हणा दोघांना रिक्षात बसवून द्यायचा आणि दोघं घरापर्यंत आपापल्या बाजूनं बाहेर बघत यायची. अख्खं गाव जिचं बोलणं पाठ म्हणतं ती बाई त्याच्याशेजारी मुकी बसलेली असे. त्याला वाटे, आपण मेलो तर ही बहुतेक स्टेजवरूनच सांगेल.

त्या दिवशी कार्यक्रम खेळाच्या मोठ्या मैदानावर होता आणि उन्हं उतरायच्या आधीच सुरू झाला. बसायला जागा नव्हती, नाचणाऱ्यांना लागतही नाही. हेडक्लार्क एका दिव्याच्या खांबाला टेकून उभा होता. कधी या पायावर, कधी त्या. ती बोलत होती, ठोका चालला होता, त्याचाच तो कंटाळलेला ठोका. मध्येच ती थांबली. लोकांना वाटलं, आता नवीन काहीतरी. तिनं कपाळावर हात धरून उन्हाकडे बघितलं आणि माईकमध्ये म्हणाली:

"तिकडे खांबापाशी एक गृहस्थ उभे आहेत. चष्मेवाले. त्यांना कुणीतरी खुर्ची द्या. त्यांचा उजवा गुडघा दुखतोय. सांगणार नाहीत ते."

गुडघ्याचं हेडक्लार्कनं कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, काकूंना नाही. घरात तो मुद्दाम सरळ चालायचा. ती कधी बघत होती?

लोकांनी मात्र एकच आरोळी ठोकली. "खुर्ची द्या! खुर्ची द्या!" मेव्हण्यानं सवयीनं तो तुकडा पकडला होताच. 'उजवा गुडघा, उजवा गुडघा' असं व्हायोलिनांवर सुरू झालं आणि सारं मैदान उजवा गुडघा वर करून नाचू लागलं. दूरच्या तंबूतून एक प्लास्टिकची खुर्ची निघाली आणि डोक्यांवरून, हातांहातांनी, थोडी डोलत त्याच्यापर्यंत आली. कुणीतरी त्याला खांद्याला धरून बसवलं. बसल्यावर त्याला स्टेज दिसेना. चहूकडून पाठी, कंबरा आणि गुडघे. पण तो बसून राहिला. इतक्या माणसांत ती त्याच्याशी बोलली होती, म्हणजे त्याच्याबद्दल बोलली होती. हल्लीच्या दिवसांत एवढंही पुष्कळ होतं. त्याचे डोळे भरून आले आणि शेजारच्या पोरीला वाटलं गुडघा फारच दुखतोय, म्हणून तिनं त्याला पाण्याची बाटली दिली.

कार्यक्रमानंतर तो स्टेजमागच्या खोलीत गेला. स्टेजवर चढायला बंदी होती, मागच्या खोलीबद्दल फाईलमध्ये काही नव्हतं. ती कोपऱ्यात बसून तोंड पुसत होती. मेव्हण्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"भाऊजी! आलं! हे पहिल्यापेक्षा मोठं होणार. उजवा गुडघा! उद्याच पक्कं करून सोडतो."

"लहान मुलांनासुद्धा नाचता येईल," डॉक्टर म्हणाला. "हाडांच्या डॉक्टरांचं संमेलन आहेच पुढच्या महिन्यात."

 ती रुमालाची घडी करत राहिली.

"ते नको," हेडक्लार्क म्हणाला.

"काय नको?"

"ते गाण्यात नको. पुसून टाक."

"अहो भाऊजी, वेड लागलंय का? माईकवर बोलली ताई. अख्ख्या मैदानानं ऐकलंय!"

"ऐकू दे. ते मला बोलली ती." त्याचा आवाज चिरकला, कारण इतकं ठामपणे बोलायची त्याला सवय नव्हती. "बाकीचं तिनं तुम्हाला दिलंय, ते घ्या. हे माझं आहे. आणि मला विचाराल तर माझी परवानगी नाही."

मेव्हण्यानं बहिणीकडे पाहिलं. ती आपल्या पिशवीत काहीतरी शोधत होती. डॉक्टरनं हात वर केला, मग खाली घेतला. मेव्हण्यानं सुस्कारा सोडला, कॉम्प्युटर उघडला आणि 'पाणीकपात'चं सगळ्यात मोठं होऊ शकणारं गाणं पुसून टाकलं. खरंच पुसलं का, हे हेडक्लार्कनं दोनदा विचारून घेतलं. एका अनुभवानं माणूस तेवढा शहाणा होतो.

रिक्षात दोघं आपापल्या बाजूनं बाहेर बघत बसली. इमारतीपाशी उतरली. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी तो थांबला, कठड्याला हात घातला आणि नेहमीसारखं सरळ चालायचं सोंग घ्यायला श्वास भरून घेतला.

"कधीपासून दुखतोय?" तिनं विचारलं.

जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. तिनं त्यालाच विचारलं होतं.

"तू बोलायची थांबलीस, त्या आठवड्यापासून," तो म्हणाला. "सांगणार कुणाला?"

 तिनं त्याच्या हातातली पाण्याची बाटली आपल्याकडे घेतली आणि पुढे चढू लागली. एरवी ती भराभर वर जाते. आज मात्र ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती, आणि मग पुढची पायरी घेत होती.